तेराव्या दिव्याकडचे पांढरे दगड

वलीजान, दार ओढून घे. वाऱ्याबरोबर अर्धा वाळवंट आत येतंय, आणि जनरेटरशी ओरडून ओरडून माझा घसा आधीच बसलाय. चहा ओत सगळ्यांना. वेलची घातलीस का? नाही घातलीस. बरं, असू दे. तुझ्या हातून गरम पाणी मिळालं हेच खूप.

संध्याकाळी तू विचारलंस, की खलिफा मिस्त्री, तुम्ही म्हातारे लोक धावपट्टीच्या पूर्वेकडच्या तेराव्या दिव्यापाशी एकटे का जात नाही. दात काढून विचारलंस. मी गप्प राहिलो, कारण ही गोष्ट दिवसा सांगितली की खोटी वाटते आणि मग मला माझाच राग येतो. आता सांगतो. ती माझ्यावर गुदरलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो सोळा वर्षं माझ्याबरोबर एका ताटात जेवलेला माणूस. साहेबदाद. तुमच्या आधी या धावपट्टीचा मुख्य तोच होता.

सहा वर्षं झाली. उन्हाळा सरतो त्या सुंबुला महिन्याची सात तारीख, गुरुवार. सूर्य मावळला की लागते ती जुम्याची रात्र. चंद्र नव्हता. आपला एकशे वीस दिवसांचा वारा संपत आला होता, पण जाता जाता मेला फणा काढतोच. साहेबदाद त्या रात्री आईला घ्यायला आला होता. बीबी गौहर हजहून परत येणार होती. त्याने टरबूज आणलं होतं, म्हातारीला आवडतं म्हणून, आणि ते इथे, या टाकीखाली, पाण्याच्या बादलीत गार करायला ठेवलं होतं. विमान एक दहाला उतरायचं होतं. मी त्याला म्हटलं, ‘बस, चहा घे.’ तो बसला, पण कप हातातच राहिला.

कारण म्हातारीला दोघं घ्यायला येणार होते. साहेबदाद आणि खैरो. आणि खैरो जमिनीखाली होता. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

खैरो म्हणजे आपला तारवाला. या विमानतळाची निम्मी केबल त्याच्या हातची आहे. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा शेजारच्या बीबी गौहरने त्याला छातीशी धरलं. साहेबदाद तेव्हा चाळीस दिवसांचा. एकाच आईच्या दुधावर दोघं वाढले. म्हणजे दूधभाऊ. आपल्याकडे रक्ताचा भाऊ एक वेळ भांडेल, कोर्टात जाईल, पण दूधभाऊ नाही. साहेबदाद चाळीस दिवसांनी मोठा म्हणून खैरो जन्मभर त्याला ‘लाला’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. साहेबदादला दाढी पिकल्यावरही लाला म्हणवून घ्यायला आवडायचं.

आता मागचं ऐका. त्या उन्हाळ्यात विमानतळ नव्याने बांधून होत आला होता. बाहेरची कंपनी होती, मजूर आपले. ठरलं होतं की हजचं पहिलं विमान इथूनच उडेल. नाहीतर यात्रेकरूंना काबूलचा रस्ता. दोन रात्री, खिंडी, आणि वाटेत कोण अडवेल याचा नेम नाही. बीबी गौहरचं हृदय अधू. तो रस्ता तिला झेपणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. म्हातारी म्हणाली होती, ‘विमान इथून उडालं तर मी मक्का पाहीन, नाहीतर वरूनच पाहीन.’

आणि विमान उडायला पूर्वेकडचे वीस दिवे हवे होते. बाकी सगळं तयार होतं. त्या पट्टीत सुरुंग होते. एका लढाईत एकाने पेरलेले, पुढच्या लढाईत दुसऱ्याने, नकाशा कुणाकडेच नाही. साहेबदाद तेव्हा सुरुंग काढणाऱ्या पथकाचा उस्ताद. लाल दगड म्हणजे खाली मरण, पांढरा दगड म्हणजे जमीन साफ, हे तुम्हाला मी शिकवायला नको. आणि त्यांची रीतही तुम्हाला ठाऊक आहे. जो दगड पांढरा करतो, त्याने त्या जमिनीवरून आधी चालायचं. सगळ्यांच्या देखत, हातात हात घालून. मग दुसऱ्याने पाय ठेवायचा.

बाराव्या दिव्यापर्यंत त्यांनी चोख काम केलं. पुढे तीस पावलांच्या तुकड्यात धातू शोधायचं यंत्र सारखं कोकलायला लागलं. खणावं तर गोळ्याची कपची. पुन्हा खणावं तर खिळा. दिवसाला तीनशे वेळा कोकलायचं आणि तीनशे वेळा भंगार निघायचं. पाहणी दुसऱ्या दिवसावर आली. त्या रात्री साहेबदाद एकटाच पांढरा रंग घेऊन गेला आणि त्या तीस पावलांचे दगड पांढरे करून आला. त्याला वाटलं, सगळं भंगारच असेल. आईच्या मक्केपुढे त्याला तीस पावलं लहान वाटली.

सकाळी पथक हातात हात घालून चाललं. बाराव्या दिव्यापाशी साहेबदाद थांबला आणि म्हणाला, ‘चला रे, चहा गार होतोय.’ सगळे हसले आणि वळले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी खैरो पेटी आणि वायरचं भेंडोळं घेऊन निघाला. तेराव्या दिव्याच्या खोक्यात जोड द्यायचा राहिला होता. बाराव्यापाशी थांबून त्याने मागे वळून विचारलं. मी दहा हातांवर होतो.

‘साफ आहे ना, लाला?’

‘साफ नसती तर तुला पाठवलं असतं का, वेड्या?’

‘नाही, तू सकाळी चालला नाहीस म्हणून विचारलं.’

‘आईच्या दुधाची शपथ. साफ आहे. जा आता, शंभर माणसं तुझ्या जोडासाठी खोळंबलीत.’

आईच्या दुधाची शपथ म्हटल्यावर कोण काय विचारणार? खैरो गेला. तासभर बसून त्याने जोड दिला. एकापाठोपाठ एक वीसच्या वीस दिवे लागले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तो उठला. हात वर केला. आणि कंबर मोकळी करायला एक पाऊल मागे सरला...

चहा घ्या रे. गार होतोय.

तिथवरही मी साहेबदादला माफ केलं असतं. चूक माणसाच्याच हातून होते. पण पुढे त्याने जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत. धूळ खाली बसायच्या आत तो सर्वांत आधी तिथे पोहोचला. आम्हाला वाटलं, भावासाठी धावला. त्याने मढ्याजवळचे चार पांढरे दगड दोन-दोन वीत आत सरकवले. चौकशीला माणसं आली तेव्हा खैरोचे पाय पांढऱ्या दगडांच्या रेघेच्या बाहेर होते. साहेबदाद रडत म्हणाला, ‘किती वेळा सांगितलं होतं, रेघ सोडू नकोस. ऐकलं नाही.’ कागदावर तसंच चढलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. जिवंतपणी जीव घेतला आणि मेल्यावर अब्रू. बाजारात लोक म्हणायचे, बेफिकीर माणूस, स्वतःच्या पायांनी गेला. त्याची बायको माहगुल पडद्याआडून हे ऐकायची.

बीबी गौहर तेव्हा हजच्या मुक्कामघरात होती, निघायच्या आधी यात्रेकरू जमतात तिथे. साहेबदादने सगळ्यांना हात जोडले, ‘आईला सांगू नका, तिचं हृदय फुटेल, परत आल्यावर मी सांगेन.’ खैरो केबल आणायला काबूलला गेलाय, असं म्हातारीला सांगितलं. माहगुल दोन दिवसांची विधवा, तिने डोळे धुतले, सुरमा घातला आणि सासूला निरोप द्यायला इथे आली. म्हातारी तिला म्हणाली, ‘खैरोला सांग, त्याच्यासाठी तिथे वेगळी दुआ मागेन.’ माहगुल ‘सांगते’ म्हणाली. वलीजान, खाली बघू नकोस, ऐक.

तर ती रात्र. एक दहा झाले, विमान नाही. धुळीमुळे उशीर, असं टॉवरमधून कळलं. एक चाळीसला मी जनरेटरच्या या काट्याकडे बघत होतो. काटा जागच्या जागी. आवाज नेहमीचा. आणि त्या खिडकीतून बघतो तर पूर्वेचे दिवे बारापर्यंत चालू, आणि तेरापासून पुढे काळोख. तेराव्या खोक्यातला जोड सुटला होता. खैरोने दिलेला जोड. त्याचा जोड आजवर कधी सुटलेला नव्हता.

टॉवरवाला फोनवर म्हणाला, ‘विमान डोक्यावर आहे. धुळीत त्याला पट्टी सापडत नाही. दिवे लावा. दुसरीकडे जायला तेल नाही त्याच्याकडे. चाळीस मिनिटं आहेत.’

साहेबदादने दोन तरुण तारवाल्यांना हाक मारली. ते आले, पण बाराव्या दिव्यापाशी उभे राहिले. एकजण म्हणाला, ‘उस्ताद, राग मानू नका. तिथे खैरोकाका गेले.’

‘तो रेघेबाहेर गेला म्हणून गेला. तुम्ही रेघेत राहा.’

पोरं हलली नाहीत. साहेबदादने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, देव मला माफ करो, मनात दीड महिना कोंडलेलं बोलून टाकलं.

‘दगड तुझे आहेत, साहेबदाद. पहिलं पाऊल तुझं. त्या सकाळचं राहिलंय.’

चोराच्या मनात चांदणं. त्याचा चेहरा विजेरीच्या उजेडात राखेसारखा झाला. वर धुळीआड विमान घरघरत गेलं, त्यात त्याची आई. त्याने पेटी उचलली आणि बाराव्या दिव्यापुढे गेला.

यापुढचं निम्मं मी पाहिलं. निम्मं त्याने मला पहाटे सांगितलं, इथेच, या खोक्यावर बसून.

मला दिसत होती ती फक्त त्याची विजेरी. चार पावलं गेली आणि थांबली.

त्याने पाहिलं, की उजेडात समोरचा दगड लाल आहे. त्याला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली. डोळे पुसले. पुढचा दगडही लाल. त्याच्या पुढचा पांढरा. आणि त्या पांढऱ्या दगडापाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठमोरं. खांदा हलत होता. कुंचल्याचा आवाज येत होता... चप्... चप्... एवढ्या वाऱ्यातही येत होता.

तो दगड लाल झाला.

माणूस उठला. पुढच्या दगडापाशी बसला.

साहेबदादने ओळखलं. पाठ ओळखली. एका अंथरुणात वाढलेल्याची पाठ कोण ओळखणार नाही?

मागे फिरावं, तर मागचे दगडही लाल. ज्यावरून आला होता तेसुद्धा.

विमान पुन्हा डोक्यावरून गेलं. या वेळी बरंच खालून.

उकिडव्या माणसाने वळून पाहिलं नाही. बसल्या बसल्या विचारलं.

‘साफ आहे ना, लाला?’

...

वारा पडला. हे मी स्वतः अनुभवलं. एकशे वीस दिवस न थांबणारा वारा, पडला.

‘साफ आहे ना, लाला?’

...

मी बाराव्या दिव्यापाशी उभा. विजेरी या दगडावरून त्या दगडावर फिरताना दिसत होती. आणि मग मला एकच शब्द ऐकू आला. साहेबदादचा. लहान मुलासारखा.

‘नाही.’

कुंचला थांबला.

मग तो उकिडवा माणूस उठला... आणि पुढे चालू लागला. तेराव्या दिव्याकडे. धुळीत पाऊल उमटत होतं. एकेक. सरळ नाही. इकडे एक, तिकडे एक. मध्ये लांब ढांग.

साहेबदाद म्हणाला, ‘खैरो... मला माफ केलंस?’

पाठ थांबली.

‘तुझ्यासाठी नाही आलो. आई वर आहे.’

बस. एवढंच बोलला.

मला दिसलं ते असं, की विजेरी ओढ्यातल्या दगडांवरून चालल्यासारखी वेडीवाकडी निघाली. डावीकडे. थांबली. उजवीकडे. थांबली. तो त्या पावलांत पाय ठेवत होता. पाऊल उमटेल तिथेच. एकवीस पावलं. तेराव्या खोक्यापाशी विजेरी टेकली आणि तिथून हलेना. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून अकरा मिनिटं...

दिवा लागला. मग चौदावा. मग सगळे.

दोन वीसला विमानाची चाकं टेकली. तोवर साहेबदाद त्याच पावलांतून परत आला होता. वारा पुन्हा सुटला होता आणि मागे एकही पाऊल राहिलेलं नव्हतं. मी त्याला गाडीत घातलं आणि गाडी विमानाकडे पळवली.

आम्ही पोहोचलो तेव्हा जिना लागून दोन मिनिटंही झाली नव्हती. बाकीचे यात्रेकरू अजून वरच, दारात गोंधळ चाललेला. बीबी गौहर मात्र खाली उतरून उभी होती. एकटी. अंधारात. तिच्या डोळ्यांना रात्रीचं दिसत नाही, दोन पायऱ्या धरल्याशिवाय उतरत नाही. वारा लागू नये म्हणून तिने खांद्यावरून पांढरं कापड घेतलं होतं. तिचं कफन. तिथे झमझमच्या पवित्र पाण्यात धुऊन आणतात ना, ते.

साहेबदाद पायांवर पडला. तिने चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

‘साहेबजान, खैरो कुठे गेला रे? आत्ता तर होता.’

तिने अंधारात हात फिरवून पाहिला.

‘त्यानेच उतरवलं मला. खांद्याला धरून. एक शब्द बोलला नाही. रागावलाय का? आणि हात किती गार... ओले.’

मी विजेरी धरली. धरायला नको होती. कफनाच्या डाव्या खांद्यावर पाच बोटं उमटली होती. लाल.

म्हातारीला दिसलं नाही. तिने कापड नाकाशी नेलं.

‘रंग आहे हा,’ ती म्हणाली. ‘खैरो तारवाला. त्याच्या हाताला रंग कशाला? रंगाचं काम तर तुझं.’

साहेबदाद तिथेच, चाकाशेजारी, डांबरावर बसला. आणि त्याने सगळं सांगितलं. दगड, चहा, शपथ, दोन वीत. यात्रेकरू जिन्यावर उभे राहून ऐकत होते. म्हातारी उभीच होती. आम्हाला वाटलं, आता पडेल. पडली नाही. तिने इतकंच विचारलं, ‘माझ्या दुधाची शपथ घेतलीस?’

‘हो, आई.’

‘आणि तो तुझ्या शब्दावर गेला.’

‘हो.’

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘खलिफा, मला माहगुलच्या घरी सोड.’ तिथेच राहिली ती, शेवटपर्यंत. ते टरबूज बादलीतच सडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबदाद चौकशीवाल्यांकडे गेला आणि कागद बदलून घेतला. खैरोच्या नावावरची बेफिकिरी पुसली गेली. साहेबदादची जागा गेली, तुरुंग झाला, सुटला. सुटल्यावर साधा मजूर म्हणून आला आणि ती तीस पावलं गुडघ्यांवर बसून स्वतः साफ केली. सात सुरुंग निघाले. मग हात जोडून, सगळ्यांच्या देखत, त्यावरून चालला. एकटाच. कुणी त्याचा हात धरला नाही. मीही नाही.

रोज संध्याकाळी तो माहगुलच्या दाराशी जाऊन बसायचा. आपल्याकडे आई जाताना मुलाला म्हणते, ‘माझं दूध तुला हलाल,’ म्हणजे दुधाचं देणं माफ. ते न ऐकता आईला मातीत ठेवणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. तेवढ्यासाठी बसायचा. बीबी गौहर दाराआडून विचारायची, ‘जेवलास का?’ तो ‘जेवलो’ म्हणायचा. पुढचं ती बोलायची नाही. तिने शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी ती गेली. शेवटच्या घटकेलाही साहेबदाद उंबऱ्यावर होता. आतून तिचा श्वास ऐकू येत होता. मग नाही आला. ते शब्दही नाही आले.

बायकांनी तेच कफन काढलं. माहगुलने सांगितलं, दोन वर्षं साबण लावला, लिंबू लावलं, रॉकेल लावलं, डाग गेला नाही. सुकून कडक झालाय, पण जात नाही. म्हातारीची इच्छा होती, तेच घालायचं. तेच घातलं.

परक्या पुरुषाने बाईला कबरीत ठेवायचं नसतं. म्हणून साहेबदाद एकटा आत उतरला. आम्ही वर चादर धरून होतो, तोंड फिरवून. आत त्याने तिला ठेवलं. खांद्याला धरून ठेवलं असणार. बराच वेळ लागला. आत तो काहीतरी विचारत होता, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. मग गप्प झाला.

त्याने वर हात केला. चार वर्षं झाली त्या गोष्टीला. मी इतके दिवस त्याचा हात धरला नव्हता. त्या दिवशी धरला आणि त्याला वर ओढलं.

तो माती झटकत निघून गेला. मी माझा तळवा पाहिला.

लाल होता... आणि ओला.